'सडा माझा नि पाव्हणे तुझे?' : कातळशिल्पं दाखवणाऱ्या एका रिक्षाचालकाचं प्रकरण

पार्श्वभूमी

रत्नागिरीच्या सड्यांवरची, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारांवरची, कातळशिल्पं (खडकात कोरलेल्या आकृत्या) आता पुष्कळांच्या ऐकण्यात आहेत. कशेळीचा 18 मीटरच्या आसपास लांबीचा हत्ती, उक्षीचा हत्ती, जिथे होकायंत्राची सुई भलतीकडे वळते ते देवाचे गोठणे, शिवाय बारसू, देवी हसोळ, जांभरुण, रुंढे तळी आणि सिंधुदुर्गातलं कुडोपी अशी महाराष्ट्रातली 8 ठिकाणं आणि गोव्यातलं फणसायमळ, मिळून 9, 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेली. यादीबाहेर राहिलेले सडे याहून कितीतरी जास्त आहेत. हे प्रकरण त्यातल्याच एकावरचं. गावाचं आणि माणसांचं नाव दिलेलं नाही, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वाडी चाळीसेक घरांची. वाडीच्या वर वीस मिनिटांच्या चढावर सडा आणि सड्यावर एकाच टप्प्यात सोळा-सतरा आकृत्या: दोन मासे, एक कासव, मोराच्या जवळ जाणारा एक पक्षी, कमरेखालचे नुसते पाय कोरलेली माणसाची आकृती आणि एक मोठी चौकट, जिच्या आतल्या वेलबुट्टीसारख्या रेषांचा अर्थ अजून कोणी छातीठोकपणे सांगितलेला नाही. गुराख्यांना हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. 'पांडवांनी एका रात्रीत काढलं आणि कोंबडा आरवला म्हणून अर्धं राहिलं' अशी वाडीची गोष्ट आहे.

प्रकरणाच्या मध्यभागी आहे वाडीतलाच एक रिक्षाचालक, चाळिशीचा. मुंबईत बारा वर्षं नोकरी करून 2020 मध्ये परत आलेला. आपला मुलूख लोकांना दाखवायची त्याला विलक्षण हौस. नुसती हौस नव्हे, कसबही. कोणत्या आकृतीवर कोणत्या महिन्यात किती वाजता उन्हाची तिरीप येते हे त्याला पाठ आहे. आकृतीवर बोट किंवा काठी न टेकवता माडाच्या झावळीचा हीर हवेत धरून तो रेघ गिरवून दाखवतो, आणि ज्याला दोन मिनिटांपूर्वी नुसता खडक दिसत होता त्याला कासव दिसायला लागतं. त्यासाठी तो एक पैसाही घेत नसे. 'पाहुण्याकडून कसले पैसे?' हे त्याचं ठरलेलं वाक्य. पुढच्या सगळ्या गुंत्याचं मूळ या वाक्यात आहे.

अडचण

सडा त्याचा नव्हता. सातबाऱ्यावर तीन हिस्सेदार: वाडीत राहणाऱ्या एक विधवा काकू आणि मुंबईला असलेले त्यांचे दोन पुतणे. जमीन पोटखराबा म्हणून नोंदलेली, म्हणजे कागदोपत्री निरुपयोगी. प्रत्यक्षात काकूंची दोन म्हशींची वर्षाची वैरण त्याच सड्यावरच्या गवतावर चालायची. कोकणात सड्याला 'पडीक' म्हणणारा माणूस बहुतेक वेळा म्हैस न पाळणारा असतो.

पहिली दोन वर्षं नातेवाईक, शाळेची सहल, एखादा अभ्यासक इतकंच येणं-जाणं होतं. मग कोणीतरी फोटोबरोबर नकाशावरची नेमकी खूण टाकली. त्या डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एका दिवशी तीन टेम्पो ट्रॅव्हलर आले, सुमारे साठ माणसं. गाड्या पाणंदीत उभ्या राहिल्या, त्यामुळे आंब्यावर फवारणीला निघालेला पाण्याचा टँकर दीड तास अडकला. कापून ठेवलेल्या गवताच्या भाऱ्यांवर मुलं उड्या मारत होती, काही जण त्यावरच जेवायला बसले.

सगळ्यात वाईट गोष्ट वेळेमुळे झाली. गाड्या पोचल्या दुपारी साडेबाराला. कातळशिल्पाची रेघ फार खोल नसते, काही ठिकाणी बोटाच्या पेराहूनही उथळ. ती दिसते ती तिच्यात पडणाऱ्या सावलीमुळे, आणि डोक्यावर ऊन असताना सावलीच पडत नाही. साठ माणसं इतक्या लांब येऊन 'इथे तर काहीच नाही' म्हणायला लागली. रिक्षाचालक एका गटाबरोबर मासे दाखवत होता तेवढ्यात दुसऱ्या गटातल्या कोणीतरी चौकटीच्या रेषांत पांढरी रांगोळी भरली आणि वरून ड्रोनने फोटो काढला. फोटो फार छान आला. पुढच्या दोन आठवड्यांत आलेले आणखी दोन गट रांगोळी घरूनच घेऊन आले.

वाडीच्या बैठकीत काकूंनी एकच प्रश्न विचारला: 'सडा माझा नि पाव्हणे तुझे?' त्याला उत्तर नव्हतं. त्याच बैठकीत कळलं की धाकट्या पुतण्याशी एका चिरेखाणवाल्याचं बोलणं चालू आहे. जांभ्याचा सडा म्हणजे खाणवाल्याच्या दृष्टीने चिऱ्याचं कोठार, आणि एकदा खाणीची पाती फिरली की वरचा थर, आकृत्यांसकट, पहिल्या दिवशीच जातो.

पुढे आलेले पर्याय

पहिला पर्याय, दाखवणं बंद करणं. काकूंना सुरुवातीला हेच हवं होतं. पण नकाशावरची खूण जाणार नव्हती. लोक येतच राहिले असते, फक्त त्यांना थांबवणारं आणि वेळ सांगणारं कोणी तिथे नसतं. रांगोळीचा दुसरा प्रकार रिक्षाचालक हजर नसतानाच घडला होता, ही गोष्ट बैठकीत कोणीतरी लक्षात आणून दिली आणि हा पर्याय मागे पडला.

दुसरा, उक्षीसारखं आकृत्यांभोवती चिऱ्यांचं कुंपण आणि पाहायला उंच जागा. चांगला, पण उक्षीत मुख्यतः एक मोठी आकृती आहे. इथे आकृत्या अर्ध्या एकरात विखुरलेल्या. खर्च ग्रामपंचायतीच्या आवाक्याबाहेरचा. शिवाय पुतण्यांना धास्ती होती की सरकारी पैशाचं बांधकाम आलं की जमिनीवरचा आपला हात सुटेल. ही धास्ती बरोबर की चूक हा वेगळा प्रश्न, पण कोकणातल्या सामाईक जमिनींबाबत ती इतकी सार्वत्रिक आहे की तिच्याशी वाद घालून काम पुढे जात नाही.

तिसरा पर्याय आकर्षक होता. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका सहल आयोजकाने गाडीमागे 2,000 रुपये देऊ केले. हंगामात आठवड्याला दोन गाड्या नक्की. अट एकच, वेळ आयोजक ठरवणार. त्याच्या सहलीत सकाळ गणपतीपुळ्याला जायची, म्हणजे गाडी सड्यावर पुन्हा दुपारीच. बैठकीतल्या बहुतेकांना रक्कम दिसली, वेळ दिसली नाही. रिक्षाचालकाला ती आधी दिसली. 'दुपारची गाडी म्हणजे रांगोळी,' एवढंच तो म्हणाला. या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा निर्णय हाच. आयोजकाला त्याने उलट विचारलं की सकाळी साताला आणाल का. उत्तर नकाराचं आलं आणि बोलणं तिथेच संपलं.

चौथा पर्याय, ठरावीक वेळेची, मोजक्या माणसांची, पैसे घेऊन केलेली फेरी. नमुना जिल्ह्यातच होता. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला 2006 पासून कासव महोत्सव भरतो. पिल्लं समुद्रात सोडायच्या सकाळ-संध्याकाळच्या वेळा ठरलेल्या, पाहणारे दोरीच्या अलीकडे, मुक्काम गावातल्या घरांत. वाडीतल्या दोघी सासुरवाशिणी त्या बाजूच्या होत्या. त्यांनी जे सांगितलं त्याचा भार कागदी योजनेपेक्षा जास्त पडला.

सगळ्यात कठीण गेलं ते रिक्षाचालकाला पैसे घ्यायला राजी करणं. फुकट दाखवण्यात त्याचा अभिमान होता. काकूंनी हिशेब मांडला तो असा: पाहुण्याचे पैसे तू घेत नाहीस, पण ते मी भरते, गवताच्या रूपाने. शिवाय फुकट दाखवणाऱ्याला 'नाही' म्हणता येत नाही. म्हटलं तर तो शिष्ट ठरतो. पैसे घेणाऱ्याला 'जागा भरली' एवढं म्हणून मोकळं होता येतं.

काय केलं

आधी रांगोळी. पहिला सल्ला तारेच्या ब्रशचा आला, तो वेळीच थांबला हे नशीब. कातळाचा वरचा थर कडक असला तरी कोरलेल्या कडा झिजलेल्या, ठिसूळ असतात. तारेने रांगोळीबरोबर कडही निघते. साबण किंवा आम्ल तर सच्छिद्र जांभ्यात शोषलं जातं. आधी सगळ्याचे फोटो काढले, पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या रत्नागिरी कार्यालयाला लेखी कळवलं, मग मऊ केरसुणीने सुकी भुकटी हलक्या हाताने बाहेर काढली. खळग्यांत चिकटून राहिलेलं तसंच ठेवलं. ते पुढच्या पावसाने नेलं.

मग संमतिपत्र. तिन्ही हिस्सेदारांच्या सह्या, गट क्रमांक, सातबाऱ्याचा उतारा जोडलेला, मुदत 1 वर्ष, 15 ऑक्टोबर ते 14 ऑक्टोबर. त्यात एक वाक्य मुद्दाम घातलं: या संमतीने रिक्षाचालकाला, वाडीला किंवा पाहुण्यांना जमिनीत कोणताही हक्क मिळत नाही, आणि कोणताही हिस्सेदार महिन्याची सूचना देऊन ती मागे घेऊ शकतो. मुंबईहून सह्या यायला दोन महिने लागले. हे वाक्य नसतं तर त्या आल्याच नसत्या. प्रत ग्रामपंचायतीत दिली आणि पोच घेतली.

दर माणशी 150 रुपये. त्यातले 50 हिस्सेदारांना, 20 वाडीच्या निधीला, 80 रिक्षाचालकाला. रिक्षाचं भाडं आणि घावण्यांची न्याहारी वेगळी; न्याहारी पाळीपाळीने वेगवेगळ्या घरी. एका फेरीत जास्तीत जास्त 12 माणसं, दिवसाला दोनच फेऱ्या. बाराचा आकडा कुठून आला? मोठ्या चौकटीच्या एका बाजूला, सावली आकृतीवर न पाडता, एका रांगेत तितकीच माणसं उभी राहतात. सकाळी सगळे पश्चिमेच्या अंगाला उभे करायचे, संध्याकाळी पूर्वेच्या. उन्हाच्या बाजूला उभा राहिलेला एक माणूस अकरा जणांचं चित्र झाकतो.

फेरीची आखणी

डिसेंबरात सूर्य सातच्या जरा नंतर उगवतो. देवळाजवळ 7 वाजता जमायचं, चढ चढून साडेसातपर्यंत वर, पावणेनऊला परत. संध्याकाळची फेरी साडेचारला सुरू होते आणि सव्वासहापर्यंत आटोपते. उतरताना अंधार होतो म्हणून प्रत्येक चार माणसांमागे एक विजेरी. तीच विजेरी जमिनीलगत आडवी धरली की मावळतीनंतरही रेघ उठून दिसते, आणि पाहुणे सगळ्यात जास्त लक्षात ठेवतात ती हीच पाच मिनिटं. एप्रिल-मे महिन्यांत फक्त सकाळी, जमायची वेळ 6. नऊनंतर कातळ भाजतो.

बंद काळ असा. जून ते सप्टेंबर पूर्ण बंद: आकृत्यांत पाणी साचतं, शेवाळावरून पाय घसरतो आणि त्याच काळात सड्यावर दीपकाडी, मग गेंद, सीतेची आसवं फुलतात, जी पायाखाली जातात. ऑक्टोबरात गवत कापून भारे घरी येईपर्यंत बंद. तारीख काकू सांगतील ती. शिमग्याला पालखी घरोघर फिरते ते दिवस बंद, कारण रिक्षाचालक स्वतः पालखीखाली असतो.

दोरीसाठी कातळाला एकही भोक पाडलं नाही. आकृत्यांच्या प्रत्येक गटाभोवती हाताभर अंतर सोडून सुटे चिरे ठेवले. एक चिरा साधारण तीस किलोचा, वाऱ्याने किंवा गुराच्या धक्क्याने हलत नाही. त्यांना काथ्याचा दोर गुंडाळला. नायलॉन उन्हात दोन हंगामांत फुटतो आणि त्याचे धागे गुरांच्या पोटात जातात.

एक नियम फसला. सुरुवातीला पाहुण्यांना चपला काढायला लावायचं ठरलं होतं. कल्पना चांगली, पण गवताची कुसळं तळव्यात घुसायला लागली. एका आजींचा पाय सोलवटला. आणि चपला काढल्या म्हणजे आता आकृतीवर पाय दिला तरी चालतो असा लोकांचा समज झाला, हे तर अगदी उलटं. नियम बदलला: पायात बूट हवेतच, आणि आकृतीवर कोणीही, अनवाणीसुद्धा, पाय देणार नाही.

फुरसं हा सड्यावरचा खरा धोका. लहानसा साप, दगडाच्या रंगात मिसळलेला, आणि चपळ. म्हणून गडग्यावर हात टेकायचा नाही, दगड उलटायचा नाही, लघवीला गवतात जायचं नाही. देवळाजवळच्या शौचालयाची सोय आधीच सांगायची. हंगाम सुरू होताना आणि मग दर महिन्याला रिक्षाचालक जवळच्या आरोग्य केंद्रात सर्पदंशावरचं प्रतिविषाचं इंजेक्शन शिल्लक आहे का हे विचारून वहीत लिहितो. फेरी चालू असताना एक रिक्षा पायथ्याशी रिकामी उभी असते. विडी-सिगारेट खाली देवळाशीच संपवायची. जानेवारीनंतर एक ठिणगी सड्यावरून खालच्या कलमांच्या बागेत पोचायला अर्धा तास पुरतो.

सांगायचं काय यावरही विचार झाला. आधी रिक्षाचालक ऐकणाऱ्याप्रमाणे आकडा सांगत असे: कधी पाच हजार वर्षं, कधी चाळीस. आता तीन गोष्टी वेगवेगळ्या ठेवतो. दिसतं ते: प्राणी, मासे, पाय, चौकट. अभ्यासक म्हणतात ते: कोकणच्या कातळशिल्पांत गेंडा, पाणघोडा असे इथे आता नसलेले प्राणी आहेत आणि शेतीची चित्रं दिसत नाहीत, म्हणून ती शिकारीवर जगणाऱ्या माणसांची असावीत, नेमक्या काळावर एकमत नाही. आणि वाडी सांगते ते: पांडव आणि कोंबडा. शेवटची गोष्ट गाळावी असं एका शिक्षकांचं मत होतं. ती ठेवली हे बरं झालं, कारण हा सडा कोणाचा आहे हे पाहुण्याला त्या गोष्टीतून कळतं.

परिणाम

खरी परीक्षा झाली 26 जानेवारीला जोडून आलेल्या सुट्टीत. न कळवता पंचवीस जणांचा गट सकाळची फेरी निघायच्या वेळी आला. आठ जण आधी ठरलेले होते, म्हणजे जागा चारच. रिक्षाचालकाने चौघांना घेतलं, बाकीच्यांना संध्याकाळच्या फेरीत बारा जागा आहेत असं सांगितलं. वाद झाला, 'आम्ही पुण्याहून आलोय' हे चार वेळा ऐकवून झालं. शेवटी नऊ जण थांबले, उरलेले बारा शिव्या देत गेले आणि नेटवर एक तारा देऊन मोकळे झाले. रिक्षाचालक त्या दिवशी जेवला नाही. पण काकू खळ्यातून सगळं पाहत होत्या, आणि त्याच आठवड्यात त्यांनी आपल्या घरी न्याहारीची पाळी मागून घेतली. तोवर त्या नुसत्या सही केलेल्या हिस्सेदार होत्या.

वहीप्रमाणे हंगामात 388 पाहुणे झाले, आदल्या वर्षाच्या अंदाजाच्या निम्म्याहून कमी. जमा 58,200 रुपये: हिस्सेदारांना 19,400, वाडीला 7,760, रिक्षाचालकाला 31,040. वाडीच्या पैशातून पाणंदीच्या तोंडाशी गाड्या उभ्या करायला जागा सपाट केली. रांगोळीचा एक प्रयत्न झाला, तो दोरीबाहेरच अडला. गवत पूर्ण घरी आलं.

जे झालं नाही तेही नोंदवायला हवं. प्रत्येक हिस्सेदाराच्या वाट्याला 6,500 रुपयांहून कमीच आले. चिरेखाणीच्या भाड्यापुढे ही रक्कम काहीच नाही, आणि तसं कोणी भासवलंही नाही.

निर्णयाच्या जागा

संमती पहिल्या पाहुण्याआधी घ्यायला हवी होती. तेव्हा काकूंना विचारणं म्हणजे चहा पिता पिता पाच मिनिटांचं काम होतं. नुकसान झाल्यावर त्यालाच सहा महिने आणि एक कागद लागला. नकाशावरची खूण ही दुसरी चूक. फोटो काढू देताना 'जागेची खूण टाकू नका, देवळाची टाका' एवढं सांगितलं असतं तर लोक देवळाशी आले असते, जिथे अडवणारं माणूस असतं. आता तसंच सांगतात, पण जुनी खूण आहे तिथेच आहे.

पैशांची वाटणीही पुन्हा तपासण्यासारखी आहे. हिस्सेदारांना माणशी ठरावीक रक्कम दिली की पाहुणे वाढवण्याकडे त्यांचा कल झुकतो, म्हणजे बाराच्या मर्यादेवर मालकाकडूनच दाब येतो. त्यापेक्षा हंगामाची ठोक रक्कम आधी ठरवली असती तर मर्यादा पाळणं सोपं गेलं असतं. पण पहिल्या वर्षी ठोक रकमेची जोखीम रिक्षाचालकाला पेलवणारी नव्हती. आता वही हाताशी असल्यामुळे दुसऱ्या वर्षासाठी तो 24,000 देऊ पाहतो आहे.

सगळं एका माणसावर उभं आहे हा दोष मात्र अजून तसाच आहे. मार्चमध्ये त्याला आठ दिवस ताप आला आणि आठ दिवस फेऱ्या बंद राहिल्या. वाडीतल्या बारावीच्या दोन मुली आता त्याच्याबरोबर जातात. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाचा ऑनलाइन अभ्यासक्रम त्यांना करायला सांगितलं आहे, पण हीर कोणत्या कोनात धरायचा आणि बाराव्यानंतरच्या तेराव्या पाहुण्याला काय सांगायचं हे सड्यावरच शिकावं लागतं. यातलं पहिलं त्यांना जमलं आहे.

दुसऱ्या वर्षाच्या संमतिपत्रावर काकूंची आणि थोरल्या पुतण्याची सही झाली आहे. धाकटा गणपतीला गावी आला तेव्हा पावसातच एकदा सड्यावर जाऊन आला. सही करायची की नाही ते 15 ऑक्टोबरपर्यंत कळवतो म्हणाला आहे.